१२३४५६७८९८७६५४३२१ आणि हातचा

चौकटीची_वही | रविवार, रात्री ९:४०

लेक सहावीत आहे. परवा तिची गणिताची वही चाळताना मागच्या पानावर पेन्सिलीनं रचलेली उतरंड दिसली:

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

पुढे जागा सोडून भलंमोठं प्रश्नचिन्ह. विचारलं तर म्हणाली, "आई, हे कुठपर्यंत चालतं?"

मला पटकन सांगता येईना. दुसऱ्या दिवशी फोर्टच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत स्प्रेडशीट उघडली आणि नऊ वेळा एक लिहून त्याचा वर्ग काढला. उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३००. वर चढलं छान, उतरलंही छान, पण शेवटी २१ च्या जागी दोन शून्यं. लेकीला संध्याकाळी हे दाखवलं तर तिनं एका वाक्यात निकाल दिला: "शेवटचा अंक शून्य येऊच शकत नाही, एक गुणिले एक एकच." खरंच की! ज्या संख्येच्या एकक स्थानी १ आहे तिच्या वर्गाच्या एकक स्थानी १ च असणार. मग आम्ही दोघी कागदावर बसलो.

चौकटीची वही आडवी धरली. एकाखाली एक नऊ ओळी, प्रत्येक ओळीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे, उजवीकडच्या रिकाम्या घरांत फुल्या. सगळं लिहून झाल्यावर एक तिरका चौकोन तयार झाला. बेरीज म्हणजे नुसतं उभ्या रांगेतले एक मोजणं! उजवीकडून पहिल्या रांगेत एक, दुसरीत दोन, तिसरीत तीन, बरोबर मध्यावर नऊ, आणि तिथून परत आठ, सात, सहा. तिनं बोट ठेवून प्रत्येक रांग मोजली. कुठल्याच रांगेत नऊच्या वर जात नाही, त्यामुळे सबंध बेरजेत एकदाही हातचा नाही.

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंकी संख्या. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, तीच. नऊ एकांच्या संख्येचा पूर्ण वर्ग. अंकांची बेरीज ८१, म्हणजे नऊचा वर्ग. मला एवढंच कळलंय. हिच्याबद्दल आणखी काय सांगता येईल ते जाणकारांनी लिहावं, मी तिला वाचून दाखवणार आहे. दहा एकांचं काय होतं ते मात्र कृपया आज कुणी फोडू नका, ते ती स्वतः करणार आहे.

जुना_डोंबिवलीकर | रविवार, रात्री १०:१५

ताई, तुमच्या लेकीनं जी उतरंड रचली तिला गणितात नाव आहे, आणि ते नाव आपल्या मध्य रेल्वेवरून आलेलं आहे. या संख्यांना डेम्लो संख्या म्हणतात. डेम्लो म्हणजे आजचं डोंबिवली. तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून तीसेक मैलांवरचं हे स्टेशन. तिथे दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना या संख्यांचा अभ्यास करायची कल्पना सुचली, म्हणून त्यांनी स्टेशनचं नाव संख्यांना दिलं. १, १२१, १२३२१ या ओळीतल्या संख्यांना 'वंडरफुल डेम्लो' म्हणतात.

कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, ठाण्याला शाळा, पुण्याला फर्ग्युसन. आयुष्यभर देवळालीला शाळामास्तर होते. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक (चार अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं मांडून वजाबाकी परत परत केली की शेवटी हाच येतो) जगभर माहीत आहे, पण त्यांचं खरं वेड असल्याच संख्यांचं होतं, ज्या कागदपेन्सिल आणि मोकळा वेळ असला की कुणालाही सापडतील. विद्यापीठात नोकरी नाही, मोठी पदवी नाही; शाळेच्या वेळेनंतर वहीत आकडेमोड. तुमची लेक त्यांच्याच वाटेनं तिथवर पोचली आहे हे तिला आवर्जून सांगा.

मी ३२ वर्षं डोंबिवली ते व्हीटी केलं. त्या फलाटावर रोज उभं राहून मला हे माहीत नव्हतं. निवृत्तीनंतर एका लेखात वाचलं आणि दुसऱ्या दिवशी काही काम नसताना स्टेशनवर जाऊन आलो.

हिशेबनीस | रविवार, रात्री ११:०५

वा काका! आमच्याकडे आजोबा रोज दिवेलागणीला परवचा म्हणून घ्यायचे, त्यात अकरकी सुरू व्हायची ती अकरा गुणिले अकरानेच. १२१ च्या पोटात एवढं काही दडलंय हे तेव्हा कुठं ठाऊक होतं.

ताई, संख्या वाचायची कशी तेही लेकीला सांगा. आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम दिले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. कोटीच्या भाषेत: एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. कोटीचेही कोटी झाले की जीभ अडखळते, पण भास्कराचार्यांनी लीलावतीत प्रत्येक स्थानाला वेगळं नाव दिलंय: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. एकूण अठरा स्थानं.

आता आपली संख्या सतरा अंकी. म्हणजे तिचा पहिला अंक बसतो 'मध्य' या स्थानावर, परार्धाच्या एक पायरी खाली. एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, आणि नऊचं शिखर अर्बुदावर. तिथून आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. हे मोठ्यानं म्हणून बघा. मी आत्ता दोनदा म्हटलं.

आकार किती? एवढे सेकंद मोजायचे तर सुमारे ३९ कोटी वर्षं लागतील.

दशांश | सोमवार, सकाळी ७:५०

लोकलमधून लिहितोय, टंकनदोष असतील तर सांभाळून घ्या.

या संख्येचे मूळ अवयव पाडले की ती जास्त उलगडते. आधी वर्गमूळ घेऊ, नऊ एक. अंकांची बेरीज ९, म्हणून ९ नं भाग जातो:

१११११११११ = ९ × १२३४५६७९

उजवीकडची संख्या नीट बघा. एक ते नऊ ओळीनं, पण आठ गायब! टंकनदोष नाही, आठ तिथे नाहीच. ती पुढे फुटते ३७ × ३३३६६७ अशी. म्हणून मूळ संख्या:

१२३४५६७८९८७६५४३२१ = ३⁴ × ३७² × ३३३६६७²

यावरून विभाजक किती ते लगेच कळतं. घातांकांत एकेक मिळवून गुणायचं: ५ × ३ × ३ = ४५. विषम आला, यायलाच हवा. विभाजक जोडीनं येतात, एकानं भागलं की भागाकार हा दुसरा; फक्त पूर्ण वर्गात वर्गमूळाची जोडी स्वतःशीच लागते आणि एक सुटा राहतो.

दुसरं. अंकांची बेरीज ८१, आणि ३⁴ म्हणजे ८१ हा या संख्येचा अवयवच आहे. स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं जिला निःशेष भाग जातो अशा संख्येला कापरेकरांनी 'हर्षद' म्हटलं, हर्ष देणारी. म्हणजे ही डेम्लोही आणि हर्षदही. भाग देऊन बघा, १५२४१५७८९९७१०४१ येतं, आणि तो त्याच आठ हरवलेल्या १२३४५६७९ चा वर्ग आहे.

तिसरं, मला सगळ्यात आवडतं ते. तिन्ही मूळ अवयवांचे व्यस्त दशांशात लिहा:

१/३ = ०.३३३… (एक अंकी आवर्तन)
१/३७ = ०.०२७०२७… (तीन अंकी)
१/३३३६६७ = ०.०००००२९९७०००००२९९७… (नऊ अंकी)

एक अंकी आवर्तन असलेली मूळ संख्या फक्त ३. तीन अंकी असलेली फक्त ३७. नऊ अंकी असलेली फक्त ३३३६६७. तिघीही आपापल्या घरात एकट्या. कुर्ला आलं, उतरतो.

परळची_पोर | सोमवार, दुपारी १:२०

दशांशदादा, ३३३६६७ मूळ आहे हे कशावरून? मी बारावीत आहे. आमच्या सरांनी शिकवलंय की वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. वर्गमूळ ५७७ च्या थोडं पुढे येतं. तिथपर्यंत १०६ मूळ संख्या आहेत, मी मोजल्या. सगळ्यांनी भागायचं का?

दशांश | सोमवार, संध्याकाळी ८:३५

प्रश्न नेमका आहे. १०६ भागाकार लागत नाहीत, आणि ते का लागत नाहीत हेच खरं सांगण्यासारखं.

समज ३३३६६७ ला एखाद्या मूळ संख्येनं भाग गेला. तिला 'म' म्हणू. ३३३६६७ × २९९७ = ९९९९९९९९९, म्हणजे नऊ नवांच्या संख्येलाही म नं भाग जाणार. याचा अर्थ १/म चं आवर्तन नऊ अंकांनी परत येतं. मग आवर्तनाची खरी लांबी ९, ३ किंवा १, नऊच्या विभाजकांपैकी एक.

लांबी १ किंवा ३ असेल तर म नं ९९९ ला भाग जायला हवा. ९९९ = २७ × ३७, म्हणजे म ३ तरी किंवा ३७ तरी. पण ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, तीननं भाग जात नाही. आणि ३७ × ९०१८ = ३३३६६६, बाकी १. एकानं हुकला! म्हणजे लांबी नऊच.

आता, आवर्तनाची लांबी नेहमी म − १ ला निःशेष भागते, हा फर्माच्या प्रमेयाचा परिणाम. म्हणून म − १ ला ९ नं भाग जातो. म विषम, म्हणून २ नंही जातो. म्हणजे १८ नं. तर उमेदवार फक्त १८ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या मूळ संख्या: १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. सोळा. १०६ चे सोळा झाले.

जुना_डोंबिवलीकर | सोमवार, रात्री ९:१०

सोळा भागाकार मी करतो. उद्या मंगळवार, दर मंगळवारी दादरला असतो. स्लो गाडीत जाता-येता भरपूर वेळ मिळतो.

चौकटीची_वही | मंगळवार, रात्री ८:२५

काल रात्री लेकीनं दहा एकांचा गुणाकार केला. सांगते काय झालं ते.

तिची खात्री होती की मधे १० येणार, मग तो लिहायचा कसा हाच तिचा प्रश्न होता. दहा ओळी मांडल्या, रांगा मोजल्या, मधल्या रांगेत दहा एक. "दहाचं शून्य, हातचा एक." डावीकडच्या रांगेत नऊ, अधिक हातचा एक, परत दहा. परत शून्य, परत हातचा. त्याच्या पुढे आठ अधिक एक नऊ. मग सात, सहा, पाच, आणि खाली एकपर्यंत. उत्तर:

१२३४५६७९००९८७६५४३२१

ती रडवेली झाली. तिला वाटलं चुकलं. परत मांडलं, तेच. तिसऱ्यांदा मी स्वतः मांडलं, तेच. उलटसुलट वाचून सारखं येत नाही, मधे दोन शून्यं, आणि चढताना आठ नाही. तेवढ्यात तीच म्हणाली, "आई, तो आठ त्या काकांच्या संख्येतही नव्हता."

१२३४५६७९. खरंच. दोन्हीकडे तोच आठ गेलाय. हा योगायोग आहे का?

हिशेबनीस | मंगळवार, रात्री ९:००

योगायोग नाही. तुमच्या लेकीनं जे पकडलं तेच या सगळ्याचं मर्म आहे, मला तर वाचून भरून आलं.

१/९ = ०.११११… संपतच नाही. त्याचा वर्ग म्हणजे १/८१. तुम्ही वहीत केलंत तेच इथे करा, फक्त एक न संपणारे. रांगांच्या बेरजा येतात १, २, ३, ४, ५, ६, ७, ८, ९, १०, ११, १२… दहा एका घरात मावत नाही. दहाचा हातचा नवावर गेला की नवाचे दहा, त्याचा हातचा आठावर, आठाचा नऊ. म्हणजे आठ कुठं गेला नाही, हातच्यानं त्याला नऊ केलं. अकराचा, बाराचा हातचाही असाच डावीकडे सरकतो, आणि उत्तर येतं

१/८१ = ०.०१२३४५६७९०१२३४५६७९…

यातला आवर्ती तुकडा म्हणजेच १२३४५६७९, पुढच्या शून्यासकट नऊ अंकी. आणि ९९९९९९९९९ = ८१ × १२३४५६७९. दशांशरावांची संख्या आणि तुमच्या लेकीची संख्या एकाच हातच्यानं घडवल्या आहेत.

म्हणून मला ती नऊ एकांची संख्या शिखरासारखी वाटते. तिथपर्यंत हातचा नाही म्हणून आपल्याला रांगांतले एक जसेच्या तसे दिसतात. त्यापुढे गणित तेच राहतं, फक्त हातचा ते झाकून टाकतो.

लोकल_८_१२ | मंगळवार, रात्री १०:३०

संगणकाचं काम करतो, तर पहिल्या पोस्टमधल्या दोन शून्यांबद्दल. तुमच्या स्प्रेडशीटनं पंधरा सार्थ अंक ठेवले आणि पुढचे दोन टाकले. मी ब्राउझरच्या कन्सोलमध्ये हीच संख्या टाकली तर ३२१ च्या जागी ३२० आलं. संगणकात नेहमीच्या दशांश संख्येच्या सार्थ अंकांना ५३ बिटांची (०-१ च्या घरांची) जागा असते. २ चा त्रेपन्नावा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२. तिथपर्यंत प्रत्येक पूर्णांक नेमका मावतो, त्यानंतरच्या पट्ट्यात फक्त सम संख्या मावतात. आपली संख्या त्याच पट्ट्यात आहे आणि विषम आहे, म्हणून शेजारच्या सम संख्येवर ढकलली गेली.

एक फॉरवर्ड फिरतोय, त्यात 'हा चमत्कार अनंतापर्यंत चालतो' असं लिहिलंय. ते चूक आहे हे या धाग्यानं कागदावर दाखवलं. असा फॉरवर्ड आला की दहा ओळींच्या मांडणीचा फोटो पाठवायचा, असं मी ठरवलंय.

परळची_पोर | बुधवार, संध्याकाळी ६:१५

मला एक सुचलं, बरोबर आहे का बघा. नऊवर थांबतं ते आपण दहाच्या पायात मोजतो, म्हणजे दहा झाले की हातचा घेतो, म्हणून. तीनच्या पायात मोजलं तर दोन एकांपर्यंतच चालायला हवं. करून बघितलं: तीनच्या पायात ११ म्हणजे आपले ४, त्याचा वर्ग १६, आणि १६ तीनच्या पायात १२१. जमलं! १११ म्हणजे आपले १३, वर्ग १६९, तीनच्या पायात २००२१. मोडलं, मधे तीन आला म्हणून. सोळाच्या पायात मग पंधरा एकांपर्यंत चालेल ना?

आणि १२१ हा तीनपासून पुढच्या प्रत्येक पायात पूर्ण वर्ग असणार, कारण तो (पाया + १) चा वर्ग आहे. हे मला आज क्लासमधे सर दुसरंच काही शिकवत असताना कळलं.

दशांश | बुधवार, संध्याकाळी ८:४०

अगदी बरोबर. पाया वजा एक, तितके एक. अशीच लिहीत राहा.

जुना_डोंबिवलीकर | बुधवार, रात्री ९:३०

सोळा भागाकार झाले. सात ठाकुर्ली ते दादर जाताना, नऊ परत येताना. खिडकी मिळाली होती, वही मांडीवर. ३३३६६७ ला भागून उरलेल्या बाक्या ओळीनं देतो:

१९ ची ८, ७३ ची ५७, १०९ ची १८, १२७ ची ३८, १६३ ची ७, १८१ ची ८४, १९९ ची १४३, २७१ ची ६६, ३०७ ची २६५, ३७९ ची १४७, ३९७ ची १८७, ४३३ ची २५७, ४८७ ची ७२, ५२३ ची ५१६, ५४१ ची ४११, ५७७ ची १६१.

शून्य कुठेच नाही. ५२३ ला फक्त सातानं हुकलं, घाटकोपरला क्षणभर वाटलं जातोय भाग. ३३३६६७ मूळ आहे. स्वतः भागून बघितल्याचं समाधान वेगळंच.

चौकटीची_वही | गुरुवार, रात्री ९:०५

काका, तुमची यादी लेकीनं समोर ठेवून सगळे भागाकार स्वतः केले, दोन संध्याकाळी नाही, एकाच. पंधरा जुळले. तिचं म्हणणं आहे की १६३ ची बाकी ७ नाही, ६ आहे. १६३ × २०४७ = ३३३६६१. मीही गुणून पाहिलं.

जुना_डोंबिवलीकर | गुरुवार, रात्री ९:२०

बरोबर. ६ च. वहीत खोडून दुरुस्त केलं, शेजारी तिच्या नावाचं आद्याक्षर लिहायचंय, कळवा.